वळ्ळीला धाडलेले चार मेसेज

तंजावरला गेलेला मराठी माणूस मोठं देऊळ पाहतो, राजवाड्यात भोसल्यांची नावं वाचतो, एखादी डोलणारी बाहुली विकत घेतो आणि परत येऊन चार जणांना सांगतो, "अहो, तिथे अजून मराठी बोलतात!" मीही हेच करायचं ठरवून गेले होते. आठ दिवस राहिले आणि देऊळ पाहिलं ते रिक्षातून, रस्त्यावरून, तेही दोनदाच. त्याबद्दल घरच्यांनी मला पुष्कळ ऐकवलं. म्हणून म्हटलं, काय पाहून आले ते एकदा सविस्तर लिहून काढावं.

मोबाइल नुकते स्वस्त झाले होते तेव्हाची गोष्ट. इनकमिंग फुकट झालं होतं, पीसीओच्या पिवळ्या खोक्यांत माणसं कमी आणि धूळ जास्त दिसायला लागली होती. पुण्यात आमची सहा जणांची कचेरी होती. गरोदर बायकांना तपासणीची आठवण करून देणारे मेसेज पाठवायची एक व्यवस्था आम्ही तयार केली होती. ती तंजावरकडच्या काही गावांत चाचणीसाठी चालू होती. गावातली नर्स बाईचं नाव, गाव, महिना आणि घरातला मोबाइल नंबर कळवायची. पुढचं सगळं संगणक करायचा. मेसेज पोचला की पडद्यावर हिरवी ओळ. बाई तपासणीला आली नाही की लाल.

गरोदरपणाच्या सहाव्या महिन्यापर्यंत सगळं हिरवंगार होतं. सातव्यानंतर मात्र लाल ओळींचं पीक यायला लागलं. मेसेज पोचत होते, बाया येत नव्हत्या. आमचा साहेब निखिल माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान आणि हुशार. तो म्हणाला, नेटवर्कची भानगड असणार. मी म्हटलं, बायकांचाच आळस, दुसरं काही नाही. मी असं बोलले हे इथे मुद्दाम लिहून ठेवते. "मग तूच जाऊन बघ," निखिल म्हणाला, "तिकडे मराठी लोक आहेत, तुझं भागेल."

तंजावर

भागलं खरं, ते सेतुराम रावांमुळे. राव जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीत आकडेवारी सांभाळतात. कपाळावर गंध, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक मोबाइल. स्टेशनावर त्यांनी मला हजार माणसांतून ओळखलं, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "या, या. प्रवास बरा झाला की? पहिलें कॉफी, मग सगळें बोलूं."

मला एकदम माझ्या आजोळच्या जुन्या पत्रांची आठवण झाली. शब्द आपलेच, पण वळणं जुनी आणि चाल तमिळ. वाक्य शेवटाकडे असं काही वर जातं की प्रत्येक गोष्ट आपल्याला विचारतायत असं वाटतं. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इथे आले आणि इथलेच झाले. घरी मी नेलेला चिवड्याचा पुडा त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि मलाच विचारलं, "यावर काय लिहिलें अहे?" देवनागरी त्यांना वाचता येत नाही. त्यांची कॉलेजात जाणारी लेक माझं सगळं बोलणं समजून हसत होती, पण उत्तर द्यायची ते तमिळमध्ये, बापाकडे बघून.

जेवायला केळीच्या पानावर भात, आंबटी म्हणजे तिथलं आंबट वरण, आणि डांगर पचडी. डांगर! उडदाचं पीठ दह्यात कालवलेलं, वर मोहरीची फोडणी. आमच्या साताऱ्याकडे हे उन्हाळ्यात होतं. मी तीनदा मागून घेतलं. रावांच्या बायको, त्यांना सगळे अक्का म्हणतात, मला म्हणाल्या, "आणखी होणा की?" मी नको म्हणायच्या आत वाढून मोकळ्या झाल्या. नंतर तूप. नंतर ताकभात. पुण्यात पाहुण्याला आपण किती हिशोबाने वाढतो, याचा त्या पानावर बसल्या बसल्या मला पहिल्यांदा संकोच वाटला.

जेवताना रावांच्या खिशातला फोन एकदा वाजून थांबला. त्यांनी बघितलंही नाही. "लेकाने दिलेला मिस्ड कॉल," म्हणाले, "त्याचें जेवण झालें म्हणून." दोनदा वाजला तर 'उशीर होईल', तीनदा वाजला तरच उचलायचा. एक पैसा खर्च न करता हे घर दिवसभर एकमेकांशी बोलत होतं. आपल्याकडेही मिस्ड कॉल देतात, पण इतकी शिस्त मी कुठे पाहिली नव्हती.

ओरत्तनाडु

दुसऱ्या दिवशी सकाळी राव आणि मी बसने ओरत्तनाडुला निघालो. सांबा हंगामातल्या भाताची कापणी उरकत आली होती. रस्त्यावर जागोजागी पेंढा पसरलेला, आणि बस त्यावरून खुशाल जात होती. मी घाबरून बघायला लागले तर राव म्हणाले, "मुद्दाम टाकतात. मळणी फुकटांत होते." गावाजवळ मुक्तांबाळ छत्र लागतं, मराठा राजाच्या काळातली धर्मशाळा. वाटसरू गरोदर बाई आली तर तिचं बाळंतपणसुद्धा तिथे करत, असं इथले जुने लोक सांगतात, हे रावांनी मोठ्या अभिमानाने ऐकवलं. मी हं हं म्हणत फायलीतल्या लाल ओळी बघत होते. त्या दिवशी उतरून ते छत्र बघायला हवं होतं.

मलर ही तिथली गावनर्स. पस्तिशीची, वेणीत कनकांबराचा गजरा, निळी साडी. गळ्यात अडकवलेल्या कापडी पिशवीत आमच्या व्यवस्थेचा फोन. गावात तिला सगळे नर्सम्मा म्हणतात. तिला तमिळ आणि थोडं इंग्रजी येत होतं, मला थोडं इंग्रजी आणि बाकी मराठी. मध्ये राव. तिने आम्हाला बसायच्या आधी इळनीर, म्हणजे शहाळं, दिलं. मी ते अंगावर सांडलं आणि पुढचा सगळा दिवस चिकट हातांनी काढला.

मी यादी काढली. पहिली लाल ओळ होती वळ्ळीची. वय बावीस, पहिलं बाळंतपण, आठवा महिना संपत आलेला. मागच्या तपासणीत रक्तदाब जरा चढलेला, म्हणून दर आठवड्याला यायला सांगितलं होतं. चार आठवडे, चार मेसेज, एकदाही आलेली नाही.

"का आली नाही ते तिच्याच तोंडून ऐकूया," मी म्हटलं. माझा आवाज चढलेला होता.

 मोपेडवर मला मागे घेऊन मलरने एका कौलारू घरासमोर थांबवलं. राव कुणाच्यातरी सायकलीवर मागून आले. दारात तांदळाच्या पिठाचं कोलम, म्हणजे रांगोळी, ओट्यावर वळ्ळीची सासू लसूण सोलत बसलेली. मी विचारलं, राव तमिळमध्ये बोलले, सासूने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की ही बाई वेडी तर नव्हे.

"ती म्हणते," राव सांगायला लागले, "सातव्यांत वळैकाप्पु झालें. हातांत कांचेचे चुडे भरले, पांच प्रकारचा भात केला, सगळ्यांस जेवूं घातलें. मग लेकरूं आईघरीं गेली. आणखी कोठें असेल म्हणून विचारते."

मी ओट्यावर टेकले. मला हसावं की रडावं कळेना. वळैकाप्पु म्हणजे आपलं डोहाळजेवणच, हिरव्या चुड्यासकट. सातव्यात पोरगी माहेरी जाते, पहिलं बाळंतपण आईकडे होतं. मी स्वतः सातव्या महिन्यात पुण्याहून साताऱ्याला गेले होते, आणि तिथल्या डॉक्टरणीला दाखवायला पुण्यातले कागद पिशवीत घालून नेले होते. आणि फॉर्मवर गावाचा रकाना मी ठेवला एकच! आमच्या सगळ्या लाल ओळी आळशी नव्हत्या, माहेरी होत्या.

तेवढ्यात वळ्ळीचा नवरा सेंदिल भातगिरणीतून जेवायला आला. अंगभर कोंडा, कानाला मफलर. मेसेज आले का, विचारल्यावर त्याने लगेच फोन काढून चारही दाखवले. एकही पुसला नव्हता. मग तिला कळवलं का नाहीस, मी विचारलं.

"हे आमच्या दवाखान्याचे," तो म्हणाला. "ती तिथे, मग इथल्या दवाखान्यात येणार कशी? तिथले मेसेज तिला तिथे येत असतील."

त्याचं काय चुकलं होतं? काहीच नाही. पण मलरचा चेहरा एकदम उतरला. तिने सावकाश, रावांकडे न बघता, सरळ मला इंग्रजीत सांगितलं, "मॅडम, मी वळ्ळीला सांगितलंय, मेसेज आला की जायचं. नाही आला तर काळजी नाही."

म्हणजे तिकडे वळ्ळी मेसेजची वाट बघत बसली होती. येत नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं समजून.

"पण पूर्वी काय करायचीस?" मी विचारलं. "फोन नव्हता तेव्हा?"

"चिठ्ठी द्यायचे. पोरगी माहेरी निघाली की तिच्या बटव्यात घालायची. तिथल्या नर्सच्या नावाने. सगळं लिहून." मग जरा थांबून म्हणाली, "ट्रेनिंगमध्ये सांगितलं, आता कागद बंद."

ते ट्रेनिंगचं पत्रक मी लिहिलं होतं. 'यापुढे कोणतीही चिठ्ठी देऊ नये, सर्व माहिती संगणकात असते.' हे वाक्य माझं, आणि त्या वेळी मला ते फार आवडलं होतं. मला तिथे इतकी शरम वाटली की मी मलरची माफी मागितली, मराठीतच. राव त्याचं भाषांतर करायला लागले, तिने हाताने थांबवलं. कळलं होतं तिला.

वळ्ळीच्या माहेरी फोन नव्हता. शेजारणीकडे होता. रोज संध्याकाळी सेंदिल त्यावर एक मिस्ड कॉल द्यायचा, शेजारीण भिंतीवरून हाक मारायची, आणि वळ्ळी एक परत द्यायची. मी बरा, मी बरी. महिनाभर नवराबायकोचं एवढंच बोलणं. मलरने त्याला तिथल्या तिथे फोन लावायला सांगितला. त्याने लावला. वाजला, वाजला, उचलला नाही. बंद केला तर लगेच उलटा एक मिस्ड कॉल. पुन्हा लावला, पुन्हा तेच. त्याच्या नंबरवरून आलेला फोन उचलायचा नसतो, हे त्या शेजारणीला पक्कं ठाऊक होतं! तिसऱ्यांदा उलट मिस्ड कॉल आला तेव्हा सासूसुद्धा हसली. मी हसले नाही. मला त्या फोनवरच्या 'मी बरी'चा भरवसा वाटेनासा झाला होता.

मग मलरने आपल्या फोनवरून लावला. अनोळखी नंबर, शेजारणीने पहिल्याच घंटेला उचलला. मलर ऐकत होती आणि मध्ये मध्ये एकेक शब्द विचारत होती. राव माझ्या कानाशी हळू आवाजात सांगत होते, "पाय सुजलेत... पहिलटकरणीस सुजतातच म्हणते... काल पासून डोकें दुखतें... डोळ्यांसमोर चांदण्या येतात म्हणून निजली अहे..."

मलरने फोन ठेवला नाही. कानाशी दाबून धरूनच ती उठली. चढलेला रक्तदाब, सूज, डोकं आणि चांदण्या. याचा अर्थ मलाही ठाऊक होता, आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका. आमच्याच व्यवस्थेत या चार गोष्टींसाठी 'तातडीचा' असा एक मेसेज होता, आणि तो गेला असता सेंदिलच्या खिशात.

त्यानंतरच्या पाच मिनिटांत त्या ओट्यावर मोबाइलने जे केलं ते आमच्या संगणकाने सहा महिन्यांत केलं नव्हतं. रावांनी कचेरीत फोन लावला, तिथून तिरुवैयारुकडच्या, म्हणजे वळ्ळीच्या माहेरच्या, नर्सचा नंबर घेतला. फातिमा तिचं नाव. मलरने तिला लावून पत्ता सांगितला: नदीकाठचं केळीचं आगर, त्यामागे पाण्याची टाकी, टाकीला लागून घर. फातिमा म्हणाली, "ते घर मला माहीत आहे. पण तिथे गरोदर बाई आहे हे मला कुणी सांगितलं नाही."

सेंदिल तसाच कोंडा लागलेल्या अंगाने गाडीत बसला.

तिरुवैयारु

भाड्याच्या गाडीने तंजावर ओलांडून तिरुवैयारु गाठायला दीड तास लागला. कावेरीत वाळूच जास्त होती, मधून पाण्याची एक धार. पुलापलीकडे एका घरात मुलं सूर लावून बसली होती, एकाच ओळीवर पुन्हा पुन्हा. या गावात गाणं शिकवणं हा सरळ पोटापाण्याचा धंदा आहे. एरवी मी गाडी थांबवून ऐकलं असतं. सेंदिल पुढच्या सीटवर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. एकदाच मागे वळून त्याने रावांना काहीतरी विचारलं. मी विचारलं, काय म्हणतो? राव म्हणाले, "मी रोज फोन करत होतों, मग मला कसें समजलें नाहीं, म्हणतो." 

आम्ही पोचलो तेव्हा टाकीजवळच्या घराला कुलूप होतं.

मी कडी हलवून पाहिली. शेजारीण धावत आली. तिच्या हातात तोच फोन. फातिमा तासाभरापूर्वीच मोपेडवर आली होती. रक्तदाब मोजला, एकशे सत्तरच्या वर. मोजून दुसरा शब्द न बोलता तिने केळी वाहून नेणारा टेम्पो रिकामा करायला लावला, वळ्ळीला आणि तिच्या आईला त्यात घातलं, आणि स्वतः बरोबर बसून तंजावरच्या सरकारी दवाखान्यात गेली. म्हणजे वाटेत कुठेतरी आमची गाडी आणि त्यांचा टेम्पो एकमेकांसमोरून गेले होते. अंगणात केळीचे घड तसेच पडलेले होते. त्यांच्या मालकाने आम्हाला दोन फण्या जबरदस्तीने दिल्या. "रिकाम्या हाताने आजाऱ्याकडे जाऊ नये," म्हणाला.

पुन्हा तंजावर

पुढचे पाच दिवस मी दवाखान्याच्या व्हरांड्यात होते. माझं तिथे काही काम नव्हतं, पण उठवत नव्हतं. अक्का रोज डब्यात दहीभात पाठवायच्या. वळ्ळीच्या आईशी माझं खुणांनी बोलणं चालायचं. ती मला तिच्या लेकीच्या हातातल्या चुड्यांची संख्या बोटांवर दाखवायची, मी तिला माझ्या मुलीची उंची हाताने. फातिमा रोज संध्याकाळी येऊन जायची, आणि वळ्ळी तिच्या कुठल्याच यादीत नसताना ती येत होती. मलर एक दिवस रजा काढून आली. तिने वळ्ळीच्या उशाखाली एक चिठ्ठी सरकवली, मुद्दाम माझ्यासमोर, आणि माझ्याकडे बघून हसली. 

पहिले दोन दिवस वाईट गेले. रक्तदाब उतरेना. सेंदिल भिंतीला टेकून उभा असायचा, कुणी खायला दिलं तर खायचा. तिसऱ्या दिवशी डॉक्टरणीने ऑपरेशन करायचं ठरवलं. दुपारी दार उघडलं आणि आधी रडणं बाहेर आलं, बारीकसं पण रागीट. मुलगी. वजन कमी, म्हणून काचेच्या पेटीत ठेवली होती, पण हातपाय झाडत होती. वळ्ळी शुद्धीवर आली आणि तिने पहिली हाक मारली ती नवऱ्याला. सेंदिल आत जाऊन बाहेर आला, आणि व्हरांड्यात सगळ्यांसमोर मोठ्याने रडला. मी त्याच्याकडे न बघता केळी सोलत बसले. मलाही रडू येत होतं.

निघायच्या दिवशी सकाळी वळ्ळीला पहिल्यांदा उठून बसलेली पाहिली. चेहऱ्यावरची सूज उतरली होती आणि आत एक अगदी लहान, खोडकर पोरगी होती. मी कोण ते रावांनी तिला सांगितलं. तिने मला नीट बघून घेतलं आणि विचारलं, "लेकराच्या लसीचे मेसेजपण तुम्हीच पाठवणार ना?"

"हो."

"मग ते माझ्या आईच्या गावाला पाठवा. तीन महिने मी तिथे आहे. त्यानंतर सासरच्या गावाला. विसरू नका."

एवढं सोपं होतं ते. मी व्हरांड्यातून निखिलला फोन लावला. म्हटलं, फॉर्मवर दुसरं गाव हवं. सासरचं एक, माहेरचं एक, आणि सातव्यानंतर मेसेज माहेरच्या नर्सलाही. आणि चिठ्ठी पुन्हा चालू.

"एवढा मोठा बदल?" निखिल म्हणाला. "अगं, अशा कितीशा बायका असतील माहेरी जाणाऱ्या? काहीतरी आकडा दे मला."

मी एरवी चिडले असते. त्या दिवशी नाही चिडले. त्याची बायको सातवा लागल्यापासून सांगलीला तिच्या आईकडे होती. तिच्या डोहाळजेवणाची बासुंदी आमच्या सबंध कचेरीने वाट्या भरभरून खाल्ली होती, मी तर दोनदा.

"निखिल," मी म्हटलं, "सांगलीला तिचं ब्लडप्रेशर कोण बघतं?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. 

मग तो म्हणाला, "ठेव. ठेव तू आधी. मला तिला फोन करू दे."